जोडपत्र

दोन फळ्या एकमेकींना चिकटविण्याचे ज्ञान आपणांस उपजतच असते, त्यासाठी कोणापाशी उमेदवारी करण्याचे कारण नाही, अशी आपल्या समाजातील यच्चयावत सुशिक्षित पुरुषांची दृढ श्रद्धा आहे. आणि ही श्रद्धा किती खोलवर रुजलेली आहे याचा प्रत्यय ज्यास घ्यावयाचा असेल, त्याने उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी, नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या आसपास, पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या एखाद्या सुताराच्या दुकानापुढे दुपारच्या वेळी घटकाभर उभे राहावे. मिस्त्रींनी सरसाच्या डब्याचे झाकण उघडण्याचा अवकाश, की एक सेवानिवृत्त गुरुजी, नांदेडच्या गाडीची वाट पाहणारा एक उतारू, तहसिलीत अर्ज देऊन ‘उद्या या’ एवढेच पदरी पडल्यामुळे मोकळा झालेला एक पक्षकार, आणि या तिघांनाही ओळखत असल्यामुळे थांबणे भाग पडलेला चौथा इसम, असे एक सल्लागार मंडळ विनावेतन व विनाविलंब अस्तित्वात येते. यांपैकी एकाही सभासदाने आयुष्यात लग्नपत्रिकेच्या पाकिटापलीकडे काही चिकटविलेले नसते, आणि ती पाकिटेही बहुधा टपालात उघडलेली असतात. परंतु तेवढ्याने त्यांच्या मतांच्या ठामपणास बाध येत नाही.

ज्या कामाविषयी हे लिहीत आहे ते एका काठवटीचे होते. गावातील एका निवृत्त नाझरांना, ज्यांची सारी हयात दिवाणी न्यायालयात समन्स बजावण्यात आणि जप्तीच्या मालाची यादी करण्यात गेली होती, उतारवयात अशी इच्छा झाली, की ज्वारीची भाकरी खावयाची ती स्टीलच्या परातीत मळलेल्या पिठाची न खाता, आजीच्या वेळेस होती तशा लाकडी काठवटीत मळलेल्या पिठाची खावी. पीठ मळणार कोण, एवढा एकच मुद्दा त्यांच्या पत्नीने उपस्थित केला होता. परंतु तो प्रस्तुत प्रकरणाशी संबंधित नसल्याचे ठरवून नाझरसाहेब सुताराकडे गेले.

आजीची काठवट एकाच खोडातून कोरलेली होती, म्हणून हीही एकाच खोडाची असावी, असा त्यांचा पहिला हुकूम होता. यावर मिस्त्रींनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठाने अभयारण्य पसरलेले आहे आणि त्यात सागवान उभे आहे हे खरे, परंतु जंगलात उभे असलेले सागवान आणि सुताराच्या दुकानात आडवे झालेले सागवान यांच्या दरम्यान आगार, लिलाव, शिक्के आणि वाहतूक परवाना असे एवढे मुक्काम आहेत, की चौदा इंच रुंदीचा निर्दोष ओंडका सामान्य माणसाच्या वाट्याला येण्यापूर्वी त्या माणसाचेच वय होते. शिवाय असा ओंडका मिळाला तरी त्याच्या मधोमध गाभा असतो, आणि वाळताना लाकूड परिघाच्या दिशेने जेवढे आक्रसते त्याच्या निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आक्रसत असल्यामुळे, गाभा पोटात ठेवलेला ओंडका कोठेतरी फाटल्याखेरीज वाळू शकत नाही. जाडीच्या इंचामागे एक वर्ष सुकू द्यावे, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. म्हणजे तीन इंच जाडीच्या काठवटीस तीन वर्षे पाहिजेत. नाझरसाहेबांना कालावधीचे विशेष वाटले नाही, कारण त्यांच्या न्यायालयात तीन वर्षांत फार तर प्रतिवादीचा पत्ता सापडत असे. परंतु भाकरीच्या बाबतीत त्यांना एवढा धीर नव्हता. तेव्हा इंच इंच जाडीच्या, सुकून तयार असलेल्या फळ्या चिकटवून ठोकळा करावा आणि तो लेथवर कातावा, असा तोडगा निघाला, आणि येथून मंडळाचे कामकाज रीतसर सुरू झाले.

गुरुजींचा पहिला ठराव असा, की फळ्यांचे तीन थर एकावर एक आडवे-उभे ठेवावेत. प्लायवूड तसेच करतात, आणि प्लायवूड मजबूत असते, हे शाळेतील कपाटांवरून त्यांना ठाऊक होते. या ठरावात जी चूक आहे ती करणारे लोक महाराष्ट्रात जिल्ह्यागणिक आढळतात, म्हणून तिचा खुलासा करतो. लाकूड आपल्या लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही. ते जे काय फुगते आणि आक्रसते ते रुंदीच्या दिशेने. प्लायवूडचे पापुद्रे इतके पातळ असतात, की शेजारचा पापुद्रा त्यांना धाकात ठेवू शकतो. परंतु इंचभर जाडीची सागवानी फळी ही कोणाच्या धाकात राहणारी वस्तू नव्हे. पावसाळ्यात एक थर पूर्व-पश्चिम फुगू लागला आणि त्याला जखडलेला दुसरा दक्षिणोत्तर, म्हणजे त्यांच्यामधील सरसाला तारेवरची कसरत सोडून पळ काढावा लागतो. म्हणून तिन्ही थरांच्या रेषा एकाच दिशेस जाव्यात; आणि प्रत्येक थर दोन फळ्यांचा असल्यास गवंडी विटा लावताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही तद्वत सांधे मागेपुढे सरकवावेत.

रेषेला रेषा लावून केलेला जोड नीट जमला, तर तो लाकडापेक्षाही बळकट होतो. पुढे हातोडा मारून फोडावयास गेलात तर शेजारचे लाकूड फाटते, सांधा उकलत नाही. याउलट, फळीच्या कापलेल्या टोकाला दुसरे कापलेले टोक चिकटवाल, तर त्या टोकावरील तंतूंच्या असंख्य नळ्या सरस पिऊन टाकतात, मध्ये धरून ठेवण्यापुरताही शिल्लक राहत नाही, आणि सांधा दिसावयास हुबेहूब असला तरी हात लावण्याच्या लायकीचा नसतो. हे तत्त्व सुतारांना पुरातन काळापासून माहीत आहे. राज्यकर्त्यांना ते अद्याप कोणी सांगितलेले नसावे, असे उमरखेडचा नकाशा पाहून वाटते. हे गाव पूर्वी पुसद तालुक्यात होते आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात. १९०५ साली वाशीम जिल्हाच मोडीत निघाला आणि पुसद तालुका यवतमाळला नेऊन चिकटविण्यात आला. पैनगंगेच्या पलीकडचे हदगाव निजामाच्या मुलखात आणि अलीकडचे उमरखेड इंग्रजी अमलात, अशी स्थिती १८५३ च्या तहापासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे नांदली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले तेव्हा कोठे नदीचे दोन्ही काठ एका राज्याचे झाले. आजही उमरखेडच्या माणसाचा जिल्हा यवतमाळ, महसुली विभाग अमरावती, आणि लोकसभेचा मतदारसंघ मात्र हिंगोली. म्हणजे जमिनीचा कज्जा असेल तर त्याने उत्तरेकडे तोंड करावे आणि खासदाराचे दर्शन हवे असेल तर पश्चिमेकडे. हा जोड रेषेला धरून आहे की रेषेच्या आड, याचा निर्णय मी करीत नाही. बाजारहाट, सोयरीक आणि दवाखाना या तीन बाबतींत गावाची रेषा नांदेडकडे जाते, एवढे मात्र एस.टी.च्या स्थानकावर बसलेला कोणीही सांगेल.

फळ्या रंधून झाल्यावर मिस्त्रींनी त्या एकीवर एक ठेवून उजेडाकडे धरल्या आणि मध्ये प्रकाशाची रेघ दिसते काय ते पाहिले. ती रेघ दिसली. उतारूचे म्हणणे पडले, की शिकंजा आवळला की बुजेल. हे मत सर्वस्वी चूक आहे असे नाही, आणि त्यातच त्याचा धोका आहे. कारण शिकंज्याने फट खरोखरच बुजते, परंतु जबरदस्तीने वाकविलेली फळी पुढे जन्मभर सरळ होण्याची संधी शोधीत राहते, आणि ती संधी तिला नेमकी लेथवर, सांध्याजवळचे लाकूड कातून पातळ झाल्यावर मिळते. मिस्त्रींनी फळी पुन्हा रंध्याखाली घातली. मंडळात अस्वस्थता पसरली. सागवानाच्या अंगी एक प्रकारचे तेल असते, वाळवीने त्याच्या वाटेस जाऊ नये हा त्या तेलाचा सद्गुण आणि सरसाने त्याच्या वाटेस जाऊ नये हा दुर्गुण. म्हणून रंधलेला पृष्ठभाग थिनरच्या चिंधीने पुसून, ताजा असतानाच, त्याच दिवशी चिकटवावा लागतो. कालचा रंधा आज चालत नाही. पक्षकाराने ‘दोन खिळे ठोका आणि मोकळे व्हा’ अशी सूचना केली, तेव्हा मात्र मिस्त्रींनी प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिले. चौकटीत खिळा शोभतो. फिरणाऱ्या लाकडाच्या पोटात लपलेला खिळा पटाशीच्या धारेला भेटला म्हणजे काय होते, हे ज्याने एकदा ऐकले आहे तो पुन्हा ऐकण्यास थांबत नाही.

सरस म्हणजे एके काळी जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून गरम करावा लागणारा आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडविणारा पदार्थ होता. ऊब आणि पाणी मिळाले की तो मऊ पडे, आणि त्यामुळे जुन्या खुर्च्यांची दुरुस्ती सोपी जाई. परंतु ओले पीठ ज्यात मळावयाचे अशा काठवटीस तो निरुपयोगी. १९५९ मध्ये फेविकॉल आला आणि सुतारांची चूल थंड झाली. त्याच्या डब्यावर विरुद्ध दिशांना ओढणारे दोन हत्ती असतात, हे बालकांसही ठाऊक आहे, आणि पक्षकाराने त्याच हत्तींचा दाखला देऊन आता अधिक चर्चेची आवश्यकता नाही असे सुचविले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, साधा पांढरा सरस पाण्यात मऊ पडतो, म्हणून पाण्याला दाद न देणारा निराळा प्रकार मागून घ्यावा लागतो, आणि काठवट धुऊन लगेच पुसावी लागते, पाण्यात बुडवून ठेवून चालत नाही. दुसरी, हत्ती एकदा ओढतो आणि थकतो. लेथ मिनिटाला शेकडो वेळा ओढते आणि वीज जाईपर्यंत थकत नाही. उमरखेडला वीज जाते ही गोष्ट निराळी.

वैशाखातील वऱ्हाडी दुपारी, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, सरस फळीवर पसरल्यापासून तिच्यावर साय धरेपर्यंत जो अवधी मिळतो त्यात एका वक्त्याचे प्रास्ताविकही होत नाही. येथे तर चार वक्ते होते. तरीही मिस्त्रींनी दोन्ही बाजूंस पातळ हात फिरवला, फळ्या मांडल्या, शिकंजे चढविले आणि थोडेथोडे, आळीपाळीने आवळले. सांध्याच्या कडेने सरसाचे मोत्यासारखे थेंब सारख्या अंतराने बाहेर आले, म्हणजे जोड पोटभर जेवला असे समजावे. थेंब आलेच नाहीत तर तो उपाशी. आणि नाझरसाहेबांच्या आग्रहाप्रमाणे अंगात असेल नसेल तेवढ्या बळाने आवळले, तर सगळा सरस बाहेर येऊन तो खाऊन-पिऊन उपाशी. जप्तीच्या मालाला सील ठोकण्याची सवय झालेल्या हाताला ‘पुरेसे’ हा शब्द मानवत नाही, हे मी समजू शकतो.

यानंतर मिस्त्रींनी हात धुतले, शिकंज्यातील ठोकळा भिंतीशी ठेवला, आणि उद्या दुपारपर्यंत त्याला कोणी हात लावू नये असे सांगून ते जेवायला घरी गेले. सभा बरखास्त झाली नाही. सरसाच्या डब्यावर अर्ध्या तासात पकड येते असे लिहिलेले आहे, ते गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखविले. आणि ते असत्य नव्हते. शिकंजा सोडता येण्याइतकी पकड आणि लेथवर फिरता येण्याइतके बळ यांत मात्र एका दिवसाचे अंतर असते, कारण सरसातील पाणी लाकडाने पिऊन बाहेर हवेत सोडल्याखेरीज आतला थर टणक होत नाही, आणि हे पाणी पहिल्या तासात सांध्याभोवतीच्या लाकडास फुगवून ठेवते. पावसाळ्यात हा दिवस दीड-दोन दिवसांचा होतो. शेतीचे पीक चार महिने, गाय नऊ महिने आणि रस्त्याचे रुंदीकरण अनंत काळ, असे सर्व विलंब निमूटपणे सोसणाऱ्या आपल्या माणसाला चिकटविलेल्या फळीपुढे चोवीस तास बसवत नाही, हे एक गूढ आहे. तासाभराने पक्षकार हळूच पुढे होऊन ठोकळा चाचपीत असल्याचे मी स्वतः पाहिले. आणि ‘बसला जी चांगला’ असा अभिप्राय देऊन तो आपल्या तहसिलीच्या ‘उद्या’कडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न उभा राहिला, तो ठोकळा लेथला धरावा कसा हा. लेथच्या फिरत्या टोकावर लोखंडी तबकडी असते. ती काठवटीच्या बुडाला स्क्रूने आवळली तर बुडाला भोके पडणार, आणि भोके असलेल्या काठवटीत पीठ मळण्यापेक्षा चाळणे सोयीचे. यावर कातारी लोकांची एक युक्ती आहे, जी मला मानवी बुद्धीच्या निवडक अलंकारांपैकी एक वाटते. एक टाकाऊ लाकडाचा तुकडा घेऊन स्क्रू त्यात घालावेत, आणि तो तुकडा काठवटीच्या बुडाला चिकटवावा; मात्र दोहोंच्या मध्ये एक कागद ठेवावा. सरस, कागद, सरस. कातकाम चालू असेतोवर हा सांधा धरून ठेवतो, आणि काम संपले की सांध्याच्या रेघेवर पटाशी ठेवून एक हलका ठोसा दिला की कागद आपल्या पोटातूनच दुभंगतो. अर्धा इकडे राहतो, अर्धा तिकडे, आणि लाकडास ओरखडाही पडत नाही. देव्हाऱ्याच्या दर्शनी बाजूस जे अर्धे खांब लावलेले असतात, ते याच पद्धतीने, दोन लाकडे कागद घालून जोडावीत, पूर्ण खांब कातावा आणि मग मधोमध उकलावा, असे करता येतात. मोडण्यासाठीच जोडलेला जोड, आणि तोही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रेघेवर मोडावा असा.

मी हे पाहत असताना वऱ्हाडच्या इतिहासाचे मर्म मला जितके उमगले तितके कोणत्याही ग्रंथाने उमगले नव्हते. हैदराबादचे राज्य आणि इंग्रजांचा मुलूख यांमध्ये वऱ्हाडचा प्रांत जो चिकटविलेला होता, तो कागद घालूनच. १८५३ च्या कागदाने निजामाने तो फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली केला, परंतु मालकी आपली ठेवली. १९०२ च्या कागदाने सालिना पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून दिला, तरी मालकी आपलीच. आणि १९३६ च्या कराराने निजामाच्या वडील पुत्रास ‘वऱ्हाडचे युवराज’ असा किताब मिळाला, ज्यात वऱ्हाड सोडून बाकी सर्व काही होते. दोन्ही बाजूंस भरपूर सरस लावलेला, वरून अखंड दिसणारा, आणि आत तीन थरांचा उत्तम शाईने लिहिलेला कागद! वेळ आली तेव्हा तो आपल्या पोटातूनच दुभंगला, आणि कोणत्याही लाकडास इजा झाली नाही. पुढे २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार म्हणून आणखी एक कागद विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या सांध्यात घालण्यात आला. तो दुभंगण्यासाठी घातला होता की धरण्यासाठी, याविषयी दर हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरते तेव्हा दोन्ही मते ऐकू येतात.

प्रस्तुत प्रसंगी कागद म्हणून नाझरसाहेबांच्या हातातील त्या दिवसाचे वर्तमानपत्र मागण्यात आले. त्यांनी ते देण्यास नकार दिला नाही. मात्र अग्रलेख वाचावयाचा राहिला असल्यामुळे निविदांचे पान घ्यावे असे सुचविले. मिस्त्रींनी तेच घेतले. त्यांच्या मते वर्तमानपत्राची सर्व पाने सारखीच दुभंगतात.

जुन्या काळी लेथ फिरविणारा निराळा माणूस असे. एकाने लाकडाभोवती गुंडाळलेली वादी पुढे-मागे ओढावी, दुसऱ्याने हत्यार धरावे, आणि लाकूड पुढे फिरेल तेवढ्याच वेळात कातून घ्यावे. मागे फिरते तेव्हा हत्यार उचलून स्वस्थ बसावे. निम्मा वेळ विश्रांतीचा, वेग माणसाच्या दंडाचा, आणि काही बिनसले तर ओढणाराच थांबे. आता साध्या मोटरीला मिनिटाला १४४० फेरे असतात, आणि ती कोणासाठी थांबत नाही. चौदा इंच व्यासाची काठवट या वेगाने थेट फिरविली, तर तिची कड ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाने धावते, जो वेग नदीपलीकडे जाणाऱ्या कोणत्याही एस.टी.ला उमरखेडच्या प्रवाशाने कधी पाहिलेला नाही. यात नुसत्या वेगाचे नवल नसून ओढीचे आहे: कडेजवळचा शंभर ग्रॅमचा लहानसा तुकडा त्या वेळी सुमारे ४१ किलो वजनाच्या ओढीने बाहेर निघण्याचा प्रयत्न करीत असतो, आणि त्याला आवरणारा काय तो सरसाचा कागदाहून पातळ थर. परंतु पट्टा मोठ्या पुलीवर टाकून वेग चौथाईवर, ३६० फेऱ्यांवर आणला, की तीच ओढ सोळाव्या हिश्शावर, अडीच किलोंच्या घरात येते. वेग निम्मा केला की भय चतुर्थांश होते. हा हिशेब इतका किफायतशीर आहे, की तो कोणी पाळत का नाही याचे मला आश्चर्य वाटते. मिस्त्री पाळतात. त्यांनी ठोकळ्याचे कोपरे आधीच करवतीने उडवून तो गोलाईवर आणला होता. सुमारे पाच किलोंचे ते धूड त्यांनी प्रथम हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कोठे अडत नाही ना ते पाहिले, मागच्या बाजूने टेकू दिला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, तोंडावर पारदर्शक ढाल घेतली, आणि हातमोजे मात्र काढून ठेवले, कारण फिरते लाकूड हातमोजा पकडते आणि हातमोजा हात सोडत नाही.

मग त्यांनी खडूने जमिनीवर एक रेघ ओढली. फिरणारी वस्तू सुटलीच तर ती ज्या पातळीत फिरत असते त्याच पातळीत सुटते, बाजूला जात नाही. तेव्हा लेथच्या डोक्याकडे किंवा शेपटाकडे उभा राहिलेला मनुष्य सुरक्षित, आणि ठोकळ्याच्या समोर उभा राहिलेला असुरक्षित. हे मिस्त्रींनी मंडळास समजावून सांगितले. मंडळाने ते लक्षपूर्वक ऐकले, त्यातील शास्त्रीय तथ्य मान्य केले, आणि सर्व सभासद ठोकळ्याच्या बरोबर समोर येऊन उभे राहिले, कारण तेथूनच नीट दिसत होते. गुरुजींच्या गळ्यात उपरणे होते, त्याचे एक टोक हवेत होते.

“काऊन गुरुजी, घरी कोणी वाट पाहत नाही काय?” असे मिस्त्रींनी विचारले, आणि मोटर चालू करण्यापूर्वी प्रत्येकाला दंडाला धरून रेघेपलीकडे नेऊन ठेवले.

काठवट उतरली ती सांध्यांच्या रेघा शोधाव्या लागतील अशी. बुडाचा कागद रेघेवरून उकलला. एका निविदेची अंतिम तारीख काही काळ बुडावर उलटी वाचता येत होती, ती काचकागदाने गेली. यशाने नाझरसाहेबांना चेव आला, आणि कडेला बारा तुकड्यांचे वलय करून शिसवी पट्टी बसवावी, असे त्यांनी सुचविले. बारा तुकडे म्हणजे चोवीस तोंडे, आणि प्रत्येक तोंड पंधरा अंशांनी तिरपे. करवत नुसती अर्ध्या अंशाने चुकली, तर चोवीस तोंडांची मिळून ती चूक बारा अंशांची होते आणि सगळीच्या सगळी शेवटच्या तुकड्याच्या वाट्याला येते. अकरा सभासद थोडेथोडे चुकतात आणि बाराव्याची जागा उरत नाही, हा अनुभव ज्यांनी कधी पतसंस्थेची निवडणूक लढविली आहे त्यांना नवा नाही. मिस्त्रींनी तो विषय पोळ्यानंतर घेऊ म्हणून तहकूब केला, कारण तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदीची चाके आत्तापासून कातून ठेवावयाची होती, आणि वऱ्हाडातील बालकांचे बैल नाझरांच्या हौशीपेक्षा निकडीचे.

शेवटी बिलाचा प्रश्न आला. मिस्त्रींनी फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लाकूड, रंधा, सरस, लेथ अशा रकमा मांडल्या होत्या, आणि त्यांच्या खाली एक पाचवी रक्कम होती: एक दिवस हात न लावल्याबद्दल. नाझरसाहेबांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. काम केल्याबद्दल मोबदला समजू शकतो, काम न केल्याबद्दल कोणत्या कलमाखाली, असा त्यांचा सवाल होता. मिस्त्रींनी उत्तर दिले, की त्यांचा स्वतःचा बांधाचा दावा नाझरसाहेबांच्याच न्यायालयात सोळा वर्षे होता, आणि त्यातील ज्या ज्या दिवशी काहीही झाले नाही, त्या त्या दिवसाची फी वकिलाने न चुकविता घेतली होती; त्या दिवसांतून काही निष्पन्न झाले नाही, या दिवसातून काठवट तरी झाली. यावर नाझरसाहेब बराच वेळ काठवटीच्या कडेवरून बोट फिरवीत राहिले. अखेरीस त्यांनी पाचवी रक्कम तत्त्वतः मान्य असल्याचे सांगून ती हप्त्यांनी फेडण्याची दरखास्त मांडली, आणि मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवीत पुढल्या सोमवारची तारीख दिली.